ओढणारी आणि बघणारी

आत्याला शेजारी आवडत नसत, पाहुणे आवडत नसत, वेळेआधी येणारे आवडत नसत आणि उशिरा येणाऱ्यांचं तर ती तोंडही बघत नसे. पण ज्या माणसाचा तिला खराखुरा तिटकारा होता, ते माणूस तिच्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत राहत होतं. ती तिची भावजय. आणि पंचाईत अशी, की आत्याचा सगळा धंदा या भावजयीच्या डोळ्यांवर चालत होता.

धंदा धनुष्यांचा. तुतीच्या मनगटाएवढ्या रोपट्यातून हाताने घडवलेली लाकडी धनुष्यं. तिरंदाजीच्या मैदानावर शिकायला येणारी मुलं ती वापरत. घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, वर पत्रे, भिंतीला टांगलेली हत्यारं, खाली लाकडाच्या ढलप्यांचा सडा आणि माळ्यावर वाळत घातलेली रोपटी. बाप याच खोलीत काम करायचा, बापामागे दादा करू लागला. आत्या तिथेच लहानाची मोठी झाली. मधे तिचं लग्न झालं होतं, पण ते काही टिकलं नाही. "चमचा खाली पडला तरी त्या घरात चौकशी बसायची," ती सांगायची, "आणि माझं तर तोंड चालायचं!" नवरा तिला परत पोचवायला आला तेव्हा बाप कानस घासत बसला होता. त्याने मान वर करून एवढंच विचारलं, "सामान कुठंय?" झालं, विषय संपला.

आता हे काम एकट्याचं नाही, हे आधी समजून घ्या. लाकूड तासून झालं, दोरी चढवली, की धनुष्य ओढून बघावं लागतं. ओढताना दोन्ही अंगं सारखी वाकली पाहिजेत. एक अंग ताठ राहिलं आणि सगळा भार दुसऱ्यानेच घेतला, तर ते आज ना उद्या मोडणार. पण ओढणाऱ्याचं तोंड असतं बाणाच्या दिशेला. त्याला ती कमान धड दिसत नाही. दिसते ती त्याच्या छातीसमोर, जरा लांब उभ्या असलेल्या माणसाला. म्हणून बापाचा दंडकच होता: ओढणाऱ्याने बघायचं नाही आणि बघणाऱ्याने हात लावायचा नाही. बघणाऱ्याने शब्दसुद्धा तीनच बोलायचे. रोपट्याच्या मुळाकडची बाजू ताठ दिसली तर 'बुडखा', वरची बाजू ताठ दिसली तर 'शेंडा'. मग दोरी सैल सोडायची, त्या बाजूला थोडं खरवडायचं, पुन्हा ओढायचं. आणि लाकडाला सोसत नाही असं वाटलं की 'थांब'. 'थांब' कानावर पडलं की हात तिथूनच सैल सोडायचा. त्यावर वाद नाही, का म्हणून विचारणं नाही.

बाप गेल्यावर दादा ओढायचा आणि आत्या बघायची. तिला त्याचा कोण अभिमान! दादाएवढा आडदांड माणूस, पण आपण 'थांब' म्हटलं की गपकन थांबतो. मग दादाचं लग्न झालं. नवी वहिनी चहाचे कप घेऊन दारात आली, कप हातात तसेच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "शेंड्याकडे मधेच जरा मोडल्यासारखं वाकतंय का हो?" आत्याला काही दिसलं नव्हतं. दादाने दोरी सोडली, बोट फिरवून पाहिलं. तिथे खरोखरच लाकूड पातळ झालं होतं.

त्या दिवसापासून बघायला वहिनी आणि ओढायला आत्या. "तुझे खांदे भक्कम आहेत," दादा म्हणाला, जणू काही मोठी बढतीच देतोय. आत्या तेव्हा काही बोलली नाही, आणि आत्या बोलली नाही म्हणजे प्रकरण किती गंभीर ते ओळखा. काल आलेल्या बाईने तिची जागा घेतली होती, तीही चहाचा कप खाली न ठेवता. वर आणखी एक डंख होता. घरात एरवी वहिनी तिला 'वन्सं, तुम्ही' म्हणायची. पण ओढताना बापाने ठरवलेला शब्द 'थांबा' नव्हता, 'थांब' होता. हे एवढंसं 'थांब' दिवसभर आत्याच्या कानात सलायचं.

दादा होता तोवर दोघींच्या मधे तो होता. तो गेला आणि तासायचं, ओढायचं अशी दोन्ही कामं आत्याच्या अंगावर पडली. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जाईना. कामाचे तीन शब्द सोडले तर बोलणं बंद. घरातले निरोप मांजराला सांगितले जात. "मनीबाई, कोणीतरी दिवा चालू ठेवून गेलंय बरं का," असं एकीने म्हणायचं. "मनीबाई, कोणाला दिसत नाही का, आत माणूस बसलंय ते," असं दुसरीने. मांजर बिचारं दोघींकडे आळीपाळीने बघायचं आणि शेवटी उठून बाहेर जायचं.

अशात आत्याच्या डोक्यात एक किडा शिरला. वहिनी 'थांब' लवकर म्हणते. मुद्दाम म्हणते. मुलांच्या ओढीचं माप म्हणून एका बाणावर लाल खूण केलेली होती. ती खूण मागे सरकत मुठीला टेकेपर्यंत दोरी ओढली जायला हवी. पण खूण यायच्या आत वहिनीचं 'थांब' ठरलेलं. मग पुन्हा खरवडा, पुन्हा ओढा, दिवस तिथेच मोडतो. "माझा जीव काढायचा, दुसरं काय!" आत्या स्वतःशीच धुमसायची. "खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायचं आणि माझ्यावर हुकूम सोडायचे."

एकदा वहिनी बाजारात गेली होती. अर्धवट राहिलेलं एक धनुष्य खुंटीला होतं, त्याला सकाळीच 'थांब' मिळालेलं. आत्याने ते उतरवलं, दोरी चढवली आणि घेतलं ओढायला. सकाळी जिथे थांबावं लागलं होतं ती जागा मागे पडली, लाल खूण आली. लाकूड टिकलं! कुठेतरी बारीक 'टिक्' असं वाजलं, पण ते दाराची कडी वाजली असेल असं तिने ठरवून टाकलं. "बघा!" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "म्हणे सोसत नाही!" आणि वहिनी यायच्या आत तिने ते धनुष्य मैदानावर पोचतं केलं.

पुढच्याच आठवड्यात मैदानावरचे शिकवणारे सर दारात हजर. हातात धनुष्याचे दोन तुकडे. एका लहान मुलीच्या हातात ते मोडलं होतं आणि तुकडा उडून तिच्या गालाला लागला होता. डोळा थोडक्यात वाचला. सर आरडाओरडा करणारे नव्हते, त्यामुळे आणखीच वाईट वाटत होतं. आवाज नसूनही शेजारचे दोघे-तिघे काय झालं म्हणून गोळा झालेच.

 ती 'टिक्' आत्याला आत्ता स्पष्ट आठवली. मी बाजाराच्या वेळी गुपचूप ओढलं होतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी तिने हात लांब करून वहिनीकडे बोट दाखवलं. "मला काय विचारता? बघायचं काम यांचं! मी आपली ओढणारी, मला काय दिसतंय? डोळे गेलेत यांचे, सर. कबूल करायला लाज वाटते, म्हणून अंदाजपंचे काहीतरी सांगत राहतात."

वहिनीने ते तुकडे हातात घेतले, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "मी हे पुरं झालं असं म्हटलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. पण शेजारी माना हलवू लागले होते. वय झालं की व्हायचंच, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. वहिनीने तुकडे परत दिले, आत गेली आणि लेकीला फोन लावला. "मला घेऊन जा," एवढंच ती म्हणाली. आत्याला ते भिंतीपलीकडून ऐकू आलं.

सर जाताना म्हणाले, "एक शेवटचं धनुष्य करून द्या. मी स्वतः तपासून घेईन. ते चांगलं निघालं तर ठीक, नाहीतर मैदानासाठी दुकानातली फायबरची घ्यायची असं वर ठरलंय." म्हणजे सगळा कारभार आता त्या एका धनुष्यावर आला. ते साधलं तर बापाची खोली चालू राहणार, नाहीतर कायमचं कुलूप.

"मला कोणाच्या डोळ्यांची गरज नाही," आत्याने मनीबाईला बजावलं. तिने कपाटाचा आरसा उचकटून काढला आणि कामाच्या खोलीत भिंतीला उभा केला. माळ्यावर दोनच रोपटी तयार होती. त्यातलं एक तिने घेतलं, तासलं आणि आरशासमोर उभं राहून ओढलं. कमान बघायला मान वळवली. आरशात बुडखा ताठ दिसला. तिने बुडखा खरवडला. पुन्हा मान वळवून पाहिलं, पुन्हा बुडखाच ताठ. आणखी खरवडला. अहो, मान वळवली की खांदा वळतो, खांदा वळला की मूठ कलते आणि चांगलं धनुष्यही वाकडं दिसतं! जे टाळायला बापाने दंडक घातला तेच ती करत होती. बुडखा दोरीसारखा लुळा पडला तेव्हा तिच्या हे ध्यानात आलं. तिने ते लाकूड गुडघ्यावर मोडलं आणि आरशाला नको नको ते बोलली.

आता एकच रोपटं उरलं. ओढ्याच्या कडेला दाटीत वाढलेलं, उजेडासाठी सरळसोट वर गेलेलं, फारशा गाठी नसलेलं. कापल्यावर त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून, फळीला आवळून, सावलीत वाळवलेलं. आत्या त्याच्यावर वाकली तेव्हा मात्र तिचं तोंड बंद झालं. भांडखोर असेल, कजाग असेल, पण हात बापाचा होता. तिने आधी साल सोलली, तीही नखाने आणि बोथट सुरीने, कारण सालीखालचा भाग ही धनुष्याची पाठ, आणि पाठीला धार लागता कामा नये. पाठीचा एक धागा तुटला तर सगळं धनुष्य गेलं. जे काही तासायचं ते पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या अंगाने. मधे चार बोटं मुठीची जागा राखून ती दोन्ही बाजूंना उतरत गेली. आधी दोन मुठींची सुरी, मग रंधा, मग कानस. शेंड्याकडे पाठीवर एक बारीक गाठ होती. तिच्याभोवती तिने लाकूड जरा जास्त ठेवलं, ती जागा चोरासारखी सांभाळून पुढे गेली. टोकांना खाचा पाडल्या, दोरी चढवली. शेवटी काचेच्या तुकड्याने पोट खरवडलं, तेव्हा त्यातून केसासारख्या गुंडाळ्या निघू लागल्या. इतकं देखणं लाकूड तिच्या हाताखालून कितीतरी दिवसांत गेलं नव्हतं. तिला दादाची आठवण झाली आणि तो मेला म्हणून त्याचाही राग आला.

सगळं झालं. आता ओढायचं होतं. आणि बघायला कोणी नव्हतं.

नेमकी त्याच दुपारी वहिनीची लेक आली. दाराशी गाडी उभी, चालक घाई करत होता. वहिनीची पेटी, गाठोडं, छत्री असं सगळं ओसरीवर आलं. आत्या खोलीच्या दारात धनुष्य घेऊन उभी राहिली. विनंती करायची तिला सवयच नव्हती. तोंड उघडलं आणि जे आलं ते असं आलं:

"जाताय ते जा, मला काही सोयरसुतक नाही. पण जाता जाता एकदा उभं राहायला काय पाय मोडतात का?"

"आत्या!" भाची ओरडली. "आधी सगळ्या गल्लीसमोर आईचा पाणउतारा करायचा आणि आता हे?"

वहिनीने पायात घातलेल्या चपला पुन्हा काढल्या. "तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "सासऱ्यांची खोली आहे ती." आणि ती आत जाऊन आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भाची दारात हाताची घडी घालून थांबली.

आत्याने लाल खुणेचा बाण लावला आणि ओढ घेतली.

"बुडखा," वहिनी म्हणाली.

आत्याने खरवडलं, पुन्हा ओढलं.

"बुडखा."

पुन्हा खरवडलं.

"शेंडा. थोडाच."

हळूहळू लाकूड वाकू लागलं, दर खेपेला आणखी थोडं. आत्याच्या तळहाताला कळत होतं, की हे जमतंय. दोन्ही अंगं एका श्वासात मागे येत होती. किती महिन्यांनी दोघी अशा चालल्या होत्या! बाहेर चालकाने भोंगा वाजवला. भाची म्हणाली, "आई, चल ना, रस्त्यात अंधार होईल."

"एकदा ओढा," वहिनी आत्याला म्हणाली.

आत्याने ओढलं. लाल खूण पुढे दिसू लागली. आता दोन बोटं उरली असतील.

"थांब!"

बघा, कसं असतं. आत्याने थांबायचं म्हणजे दोरी सैल सोडायची, खाली बसायचं, काच घ्यायची, पुन्हा खरवडायचं. आणि तेवढा वेळ वहिनीला थांबवून घ्यायचं. म्हणजे म्हणावं लागणार, वहिनी, अजून थोडा वेळ थांबा. गाडी भोंगे मारतेय, भाची टपून बसलीय आणि आपण हात जोडायचे! आणि सोसत नाही म्हणजे काय? हाताला तर छान लागतंय. ही नेहमीच लवकर म्हणते. आज जाता जाताही हुकूम सोडायची संधी सोडत नाहीये. थांब म्हणे! कोणाला म्हणते थांब?

आत्याने ओढलं.

लाल खूण मुठीला टेकली आणि कडाक् करून धनुष्य गाठीपाशी फुटलं. शेंड्याचा तुकडा उडाला आणि आत्याच्या भुवईवर फाडकन बसला. ती खाली बसली ती ढलप्यांतच. भुवईचं रक्त डोळ्यात उतरलं.

वहिनी धावली. तिने आपल्या पदराचं टोक जखमेवर दाबून धरलं आणि लेकीला पाणी आणायला सांगितलं. हात घट्ट होता, काळजीचा होता. जखम पुसून झाली, पट्टी बांधून झाली, तेव्हा कुठे ती म्हणाली, "गाठीजवळ पाठीचा एक धागा उठला होता. मी थांब म्हटलं होतं."

"नाही म्हणालात," आत्या म्हणाली. ते आपोआप आलं, तिला अडवताच आलं नाही.

"आई म्हणाली होती, आत्या," भाची म्हणाली. "मी इथेच उभी आहे."

वहिनी आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच नजरेने, ज्या नजरेने ती लाकडाकडे बघायची. मग तिने खाली पडलेला तुकडा उचलला, फुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला, फूट अगदी मागच्या धनुष्यासारखीच लागली आणि तिला कळलं.

"मागचंही तुम्हीच ओढलं होतंत," ती म्हणाली. "मी नसताना."

आत्या खालचे ढलपे चिवडू लागली.

"त्या पोरीचा डोळा गेला असता, वन्सं. आणि सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, माझे डोळे गेले." वहिनीने तुकडा आत्याच्या मांडीवर ठेवला. "माझे डोळे शाबूत आहेत. कानांचं तुमचं तुम्ही बघा."

तिने चपला घातल्या, छत्री उचलली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, गाडी वळली आणि गेली. आत्या बराच वेळ तिथेच बसून राहिली. भुवई ठणकत होती. तिला वहिनीचा राग येत होता, भाचीचा येत होता, चालकाच्या भोंग्याचा येत होता, आणि या सगळ्या रागांच्या खाली एक भलतीच शरम होती, तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

ठरल्याप्रमाणे सर आले. पट्टी बघितली, तुकडे बघितले आणि च् च् केलं. मग ओसरीवरच्या रिकाम्या जागेकडे नजर टाकून समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुन्हा वहिनींच्या नजरेने दगा दिला का? चालायचंच. तुमचा दोष नाही, मी वर तसं सांगून बघतो. तुम्हाला एक संधी आणखी मिळेलही. फक्त बघायला दुसरं कोणीतरी शोधा."

केवढी आयती सुटका! नुसतं हो म्हणायचं होतं. वहिनी तर गेलेली, ती काही सांगायला येणार नव्हती. आत्या उठून उभी राहिली.

"काय म्हणालात? कोणाच्या नजरेने?"

"अहो, तुम्हीच त्या दिवशी..."

"मी म्हणाले! मी म्हणेन! तुम्ही कोण हो तिला नावं ठेवणारे? तिच्यासारखी नजर तुमच्या अख्ख्या मैदानात कोणाला आहे का? तिने थांब म्हटलं होतं. याही वेळी म्हटलं होतं, त्या वेळीही म्हटलं होतं. दोन्ही वेळा मी ओढलं. तुमच्या त्या पोरीच्या गालाला लागलं ना, ते माझ्यामुळे. जा, सांगा वर. सगळ्या मैदानाला सांगा. या गल्लीलासुद्धा सांगा, ही बघा, ऐकतेच आहे!"

शेजारच्या खिडक्या खरंच उघडल्या होत्या. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.  मैदानाचं काम आता मिळणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पायरी उतरता उतरता त्यांनी सहज म्हणून मागे वळून विचारलं, "मग आता तुमच्याकडे बघायला कोण?"

"कोणी नाही," आत्या म्हणाली. हे मात्र तिला ओरडून सांगता आलं नाही.